जाताना बासष्ट

१

"अंगण केवढं हवं?" दलालानं विचारलं, आणि आम्ही दोघांनी एकदमच तोंड उघडलं. नवरा म्हणाला, "लहानसं." मी म्हणाले, "मोठं. मिळेल तेवढं मोठं."

दलालानं वहीत दोन्ही लिहून घेतलं. मुरलेला माणूस होता, अशी जोडपी रोज बघत असणार.

आम्ही तेव्हा तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. दोन खोल्या, एक गॅलरी आणि माणसं तीन: मी, नवरा आणि अण्णा, म्हणजे माझे सासरे. अण्णांनी छत्तीस वर्षं पायी टपाल वाटलं. त्या नोकरीनं त्यांना पावलं मोजायची खोड लावली. या फाटकापासून त्या फाटकापर्यंत किती, कुठल्या गल्लीला किती, सगळं पाठ. आता ते वार विसरतात, जेवलो की नाही ते विसरतात, मला कधी सूनबाई म्हणतात तर कधी पोस्टमास्तरीणबाई. पण मोजणं काही विसरले नाहीत. स्वयंपाकघर ते गॅलरी चौदा. गॅलरी ते स्वयंपाकघर चौदा. तेही मोठ्यानं आणि दिवसभर.

दोनदा ते जिने उतरून निघून गेले होते. पहिल्यांदा बसथांब्यावर सापडले. दुसऱ्यांदा त्यांनी शेजारच्या गल्लीतल्या प्रत्येक दारातलं वर्तमानपत्र उचललं आणि पुढच्या गल्लीत दारोदार वाटून टाकलं. लोक हसले, आम्हीही हसलो. पण ते सापडेपर्यंत सहा तास गेले होते, आणि त्या सहा तासांत नवऱ्याचा चेहरा पार उतरला होता. माझ्या नणंदेनं फोनवर सरळ सांगितलं, "आता पुन्हा हरवले ना, तर मी त्यांना संस्थेत ठेवणार. नाव नोंदवून ठेवलंय मी." आणि नवरा चक्क "बरं" म्हणाला.

म्हणून घर बघायचं ठरलं. जमिनीवरचं, मागं भिंत घातलेलं अंगण असलेलं. नवऱ्याचं म्हणणं, अंगण डोळ्यांसमोर राहील इतपत असावं. माझं म्हणणं, माणूस आयुष्यभर मैलोन्‌मैल चालला, त्याला काय पिंजऱ्यात फिरवायचं?

बोलायला हे फार छान होतं. खरं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. मला ते आकडे ऐकवत नव्हते. आकडा माझ्या कानापर्यंत पोचणार नाही इतकं लांब अंगण मला हवं होतं. याची मला लाज वाटते, आणि तेव्हाही वाटत होती.

२

ते घर आम्ही रविवारी सकाळी पाहिलं. पुढच्या दोन खोल्या ऐसपैस, भिंतींना नुकताच पांढरा रंग दिलेला. न्हाणीघरातला नळ गळत नव्हता, हे नवऱ्यानं तीन वेळा बघून घेतलं. स्वयंपाकघराला मोठी खिडकी, खिडकीशेजारी मागचं दार, आणि दार उघडलं की अंगण.

मी बघतच राहिले. अरुंद पण लांबच लांब, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची भिंत, शेवटी तशीच भिंत. खाली आखूड गवत. मधे झाड नाही, विहीर नाही, अडखळायला एक दगडसुद्धा नाही. जणू अण्णांसाठीच कोणी आखून ठेवलं होतं.

"घराच्या मालकीणबाई एकट्या राहायच्या," दलाल म्हणाला. "आता मुलीनं विकायला काढलंय." तो उंबऱ्याच्या आत उभा होता. "तुम्ही बघून या. माझा गुडघा दुखतोय जरा."

एकच गोष्ट मला खटकली. दाराशेजारच्या लोखंडी कडीपासून थेट शेवटच्या भिंतीपर्यंत एक दोरी बांधली होती. हाताच्या बोटाएवढी जाड, आणि पावला-पावलावर तिला गाठ मारलेली.

"कपडे वाळत घालायला," मी न विचारताच दलाल म्हणाला.

दोरी माझ्या कमरेएवढ्या उंचीवर होती. कमरेएवढ्या दोरीवर चादर वाळत घातली तर ती जमिनीवर लोळेल. पण म्हटलं, बाई बुटकी असेल, किंवा हात वर जात नसतील बिचारीचे. माणसाला जे हवं असतं त्याच्यासाठी तो कारणं शोधूनच ठेवतो. मी म्हणाले, "ही दोरी तेवढी काढून टाका हं. अण्णांच्या आड येईल."

"काढतो की," दलाल म्हणाला, आणि त्यानं वहीत लिहून घेतलं.

अण्णा तोवर निघालेही होते. डाव्या खांद्यावर नसलेली पिशवी सावरत, मान ताठ, एक, दोन, तीन. भिंतीला हात लावला तेव्हा त्यांचा आवाज बारीक ऐकू आला, "बासष्ट!" मग वळले आणि परत एकपासून सुरू. दाराशी पोचले तेव्हा म्हणाले, "पासष्ट."

नवरा हसला. "दमले असतील, पावलं आखूड पडली."

अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्यांना कोणीतरी खोटं पत्र दाखवलंय. "माझी पावलं आखूड पडत नाहीत," ते म्हणाले.

३

मी जमीन मोजणीच्या कार्यालयात आहे. पंधरा वर्षं उन्हातान्हात टेप धरून हिंडले. अण्णांचं हे सुरू झाल्यापासून टेबलाशी बसून नकाशे काढते, पण पन्नास मीटरची पिवळी टेप अजून माझ्या पिशवीत असते. पासष्ट म्हटल्यावर माझा हात आपोआप पिशवीत गेला.

टेपचं टोक दाराच्या कडीला अडकवलं, चालत भिंतीपर्यंत गेले. सदतीस मीटर वीस. टोक भिंतीतल्या कडीला अडकवलं, उलटी आले. अडतीस मीटर नव्वद.

मी पुन्हा बघितलं. अडतीस नव्वदच.

आमच्या कामात जाताना आणि येताना असं दोनदा मोजायचं असतं. दोन आकडे थोडे वेगळे येतातच. टेपला झोळ पडतो, ऊन असतं, हात हलतो. मग दोन्हींची सरासरी काढायची आणि नकाशावर एकच आकडा लिहायचा. पण हा 'थोडा' फरक म्हणजे बोटभर. फार तर दोन बोटं. एक मीटर सत्तर! असा फरक आणणाऱ्या माणसाला आमचे साहेब चारचौघांत झापतात, आणि मी स्वतः दोघातिघांना झापलेलं आहे.

नियम असा की फरक जास्त आला तर सरासरी काढायची नाही, परत मोजायचं. हे मला पाठ आहे. झोपेत विचारलं तरी सांगेन.

मी सरासरी काढली. वहीत लिहिलं: अंगण, लांबी अडतीस मीटर पाच. एकच आकडा, नीटनेटका. खाली रेघ मारली आणि मन हलकं झालं.

"किती भरलं?" नवऱ्यानं विचारलं.

"अडतीस."

"बापरे! एवढ्या लांब गेले तर आपल्याला दिसणार तरी का?"

"सरळ तर आहे. खिडकीतून अख्खं दिसतं," मी म्हणाले. "तूच चष्मे करतोस ना? एक दूरचा करून घे."

त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. या थट्टेवर तो हसला नाही, पण नकोही म्हणाला नाही.

४

पुढचा आठवडाभर मी त्याच्या मागे लागले. मी एकदा मागे लागले की सुटका नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. एका रात्री जेवताना तो म्हणाला, "बरं बाई, तुझं खरं. पण एकदा अण्णांना तिथे तासभर सोडून बघू. नीट जमलं तर हो म्हणू."

शनिवारी सकाळी मी अण्णांना नवे कॅनव्हासचे बूट आणले. पांढरे, जाड रबरी तळाचे. त्यांनी ते हातात घेऊन उलटे केले, तळ अंगठ्यानं दाबून बघितला. "दोन वर्षं जातील," ते म्हणाले. बुटांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. नोकरीत दर वर्षाला त्यांचा एक जोड झिजायचा.

दुपारी चारला आम्ही त्या घरी पोचलो. दलालानं दार उघडून दिलं आणि फोन आला म्हणून तो पुढच्या पायरीवर जाऊन बसला. दोरी त्यानं काढली होती, म्हणजे अर्धीच. दाराच्या कडीतलं टोक सोडवलं होतं. बाकीची दोरी गवतात आडवी पडली होती, पार शेवटच्या भिंतीपर्यंत.

"तिकडचं टोक?" मी ओरडून विचारलं.

"गंजलंय ते! माणूस पाठवतो नंतर!" बाहेरून उत्तर आलं. तो तिकडे गेलाच नव्हता हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता.

मी अण्णांना दारात उभं केलं. "चला, हवं तेवढं चाला आता."

"बीट कुठली?" त्यांनी विचारलं. टपाल वाटायच्या ठरलेल्या वाटेला ते बीट म्हणतात.

"ही अशी सरळ. भिंतीपर्यंत जायचं आणि परत यायचं."

"परत यायचं," त्यांनी मान डोलावली, पिशवी सावरली आणि निघाले.

५

नवरा पुढच्या खोलीत खिडक्यांच्या खिट्ट्या बघत होता. मी स्वयंपाकघरात डब्यांचं कपाट कुठे बसेल ते मोजत होते. अण्णांचा आवाज आधी दाराशी होता, मग लांब, मग अगदी पुसट. आणि मग थोडा वेळ काहीच नाही. इतक्या महिन्यांनी माझ्या कानांना आराम पडला. ओट्याला टेकून मी डोळे मिटले. हे असं रोज मिळणार, असं मनात आलं, आणि मला बरं वाटलं. हे मी लपवत नाही.

"बासष्ट," लांबून ऐकू आलं. मग एक, दोन, तीन. ते परत निघाले होते. मी डोळे उघडले आणि पुन्हा कामाला लागले.

"एकशे चार," अण्णा म्हणाले.

पेन्सिल माझ्या हातात तशीच राहिली. म्हटलं, चुकले असतील. म्हातारं माणूस, आकडे इकडचे तिकडे होणारच. पण अण्णांचा आकडा आजवर चुकला नव्हता.

"तीनशे नव्वद."

मधले कुठे गेले? एकशे चार ते तीनशे नव्वद म्हणायला चार-पाच मिनिटं तरी हवीत. मी कपाटाची रुंदीसुद्धा अजून लिहिली नव्हती.

मी खिडकीशी गेले. अण्णा अंगणाच्या मध्यावर होते, तोंड घराकडे. चालत होते. रोजच्यासारखं, शांतपणे, उजवा पाय, डावा पाय. मी हात केला. त्यांनी हात केला नाही. ते दाराकडे बघत चालत होते.

"दोन हजार अकरा," त्यांचा आवाज आला. घसा बसलेला होता.

"इकडे ये," मी नवऱ्याला म्हणाले. ओरडले नाही. ओरडलं तर ते खरं होईल असं काहीतरी वाटत होतं. तो येऊन माझ्याशेजारी उभा राहिला, डोळे बारीक केले. धंद्याची सवय.

"चालतायत की," तो म्हणाला.

"नीट बघ."

तो बघत राहिला. मग त्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"समोरून माणूस आला की मोठा होत जातो," तो हळूच म्हणाला, गिऱ्हाइकाला समजावतो तसं. "अण्णा मोठे होत नाहीयेत."

६

मी दारात जाऊन हाक मारली. "अण्णाऽऽ! या! इकडे या!" एकदाच. नवरा माझ्या अंगावरून धावत सुटणार होता, मी त्याचा शर्ट धरला.

माझा दुसरा हात दाराशेजारच्या रिकाम्या कडीवर होता. आणि त्या क्षणी मला ती दोरी कळली. कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांच्या खुणा असतात. ही दोरी जिन्याच्या कठड्यासारखी गुळगुळीत झाली होती, गाठ न्‌ गाठ तळहातानं घासलेली. कमरेएवढ्या उंचीवर वाळत काही घालत नाहीत. धरून चालतात. कोणीतरी रोज ती धरून परत यायचं, आणि मी ती सोडायला लावली होती.

मी टेप काढली. तिची गुंडाळायची मूठ नवऱ्याच्या हातात दिली. "ही धर. दारातून हलायचं नाही. मी ओढलं की गुंडाळायला लाग, आणि काही झालं तरी थांबू नकोस."

"मी जातो."

"तुला टेप धरता येते, सोडता येत नाही. धर म्हणते ना!"

टेपचं टोक मनगटाला गुंडाळून मी अंगणात उतरले. मागून नवरा आकडे सांगत होता. कॉलेजच्या दिवसांत माझ्याबरोबर दोन-चारदा मोजणीला आला होता, तेव्हाचं त्याच्या लक्षात राहिलं असणार. "पाच! दहा!" जाणं अगदी सोपं होतं. गवत मऊ, वर ऊन, भिंतीवर एक कावळा. आपण उगाच घाबरलो असं वाटावं इतकं सोपं.

"एकोणीस!" आणि मी अण्णांजवळ होते.

ते घामानं निथळत होते. ओठ कोरडे पडले होते. त्यांनी मला पाहिलं आणि मोजणं न थांबवता मान हलवली, रस्त्यात ओळखीचं कोणी भेटल्यासारखी. मी त्यांचा हात घट्ट धरला, वळले आणि टेपला हिसका दिला. टेप ताणली गेली.

आम्ही चालू लागलो. दहा पावलं, वीस पावलं, पन्नास. दार होतं तेवढंच होतं. दारातला नवरा अंगठ्याएवढा, दोन्ही हातांनी मूठ फिरवतोय. टेप मनगटाला ओढत होती, पाय चालत होते, भिंतीवरचा कावळा शेजारी होता तो शेजारीच. मी मनात मोजत होते हे माझ्या उशिरा लक्षात आलं. अण्णा मोठ्यानं मोजत होते. दोघंही आम्ही पोटासाठी मोजणारी माणसं, आणि जितकं मोजत होतो तितकं ते लांबत होतं. असं मला वाटलं. खरं काय ते मला माहीत नाही.

"अण्णा, मोजू नका."

"मग पोचलो हे कळणार कसं?"

"दार आलं की कळेल."

त्यांनी जरा विचार केला. आणि छत्तीस वर्षांत पहिल्यांदा असेल, ते गप्प झाले.

त्या शांततेत मला मागून आवाज आला. दोरी ताणली की कुरकुरते, तसा. मी वळून पाहिलं. पाहायला नको होतं, पण पाहिलं. गवतातली दोरी आमच्या बाजूला तशीच आडवी पडलेली होती. पण शेवटच्या भिंतीशी ती उचललेली होती, कमरेएवढी. सावलीत एक हात तिच्यावर होता. म्हातारा हात, बांगडी कोपरापर्यंत घसरलेली. तो गाठीवरून पुढच्या गाठीवर आला.

बाकीचं मी बघितलं नाही. डोळे मिटले, अण्णांचा हात छातीशी धरला आणि मनगट ओढेल तिकडे चालत राहिले. किती वेळ ते विचारू नका. उंबऱ्यावर माझा अंगठा असा ठेचकाळला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. ठेच लागून इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

७

स्वयंपाकघराच्या फरशीवर आम्ही तिघंही बसलो होतो. अण्णांनी तांब्याभर पाणी एका दमात संपवलं आणि दुसरा तांब्या मागितला. नवरा आधी हसला, मग एकदम त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. त्याच्या हातात टेप होती. पन्नास मीटरची टेप, त्यातली एकोणीस बाहेर गेलेली. "गुंडाळून गुंडाळून खांदा भरून आला," तो सांगत होता. "किती गुंडाळली गं मी! संपेचना." भिंतीवरच्या घड्याळात साडेचारसुद्धा झाले नव्हते.

"किती झाली, अण्णा?" त्यानं डोळे पुसत विचारलं. सवयीनं.

"सव्वीस हजारांपर्यंत मोजली. मग ही म्हणाली मोजू नका, म्हणून सोडली." अण्णांनी पाय पुढे केले. "फार लांबची बीट होती. पण सूनबाई हाक मारत होती ना. निघाल्यापासून ऐकू येत होती, त्या आवाजावर येत राहिलो."

मी एकदाच हाक मारली होती. तेही माझं मलाच कळायच्या आत. मी त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले. बूट काढून उलटा केला. रबराचा तळ टाचेपाशी आरपार झिजला होता. मधे मोजा दिसत होता, आणि मोज्याला भोक.

नवऱ्यानं तो बूट बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात दलाल आत आला. "काय, पसंत पडलं ना?"

"अंगण मोठं पडतं आम्हाला," मी म्हणाले. घशातून हसूच आलं. थांबवता येईना.

निघायच्या आधी मी एक काम केलं. उंबऱ्याच्या आत उभी राहूनच वाकले, गवतातलं दोरीचं टोक उचललं आणि दाराच्या कडीला बांधलं. तीन गाठी मारल्या, पक्क्या. हात काढायच्या आतच दोरीवर भार आला. अगदी थोडा. दमलेल्या माणसानं कठडा धरावा एवढाच.

"ही काढू नका आता," मी दलालाला म्हणाले. "आणि मागच्या दाराला कडी घालू नका."

त्यानं वही काखेत मारली. वहीत काही लिहिलं नाही.

"कडी मीही घालत नाही, ताई," तो म्हणाला.

८

नंतर तीन घरं बघितली. प्रत्येक वेळी दलाल विचारायचा, "अंगण केवढं हवं?" नवरा माझ्या तोंडाकडे बघायचा. मी म्हणायचे, "ओट्यापाशी उभं राहून हाक मारली तर पोचेल, एवढं." चौथं घर आम्ही घेतलं.

आमचं अंगण लांबीला सहा मीटर साठ. येतानाही सहा मीटर साठ. मी आठ दिवस रोज मोजलं, नवऱ्यानं हसून घेतलं. मागच्या भिंतीलगत जास्वंद आहे, पलीकडे शेजाऱ्यांचं कुत्रं आहे, ते अण्णांना भुंकत नाही. नणंद येऊन बघून गेली. चहा पिताना म्हणाली, "संस्थेतलं नाव काढून टाकते मी." वर माझ्या पाठीवर हात ठेवला, जे तिनं लग्नापासून केलं नव्हतं.

अण्णा सकाळी चालतात. जाताना अकरा, येताना अकरा. मी पोळ्या लाटत असते आणि आकडे ऐकत असते.

परवा सकाळी मी चहा ठेवला होता. बाहेरून "अकरा" ऐकू आलं. भिंतीला हात लागला. मग एक, दोन. मी दुधाचं भांडं उचललं.

"दहा," अण्णा म्हणाले.

भांडं माझ्या हातून सुटलं. दूध ओट्यावरून खाली, पायावर, सगळीकडे. मी तशीच दाराकडे धावले. येताना वेगळा आकडा! इथेही! अण्णा उंबऱ्यावर उभे होते, एक पाय आत, एक बाहेर, नाक वर केलेलं.

"आलं घातलंस ना चहात?" ते म्हणाले. "वास आला. म्हटलं जरा लांब टांगा टाकाव्यात."

मी त्यांचे दोन्ही दंड धरले आणि हसत सुटले. ते माझ्याकडे बघून हसायला लागले, कशाला ते त्यांना माहीत नव्हतं. दूध फरशीवर पसरत होतं, आणि मला त्याचं काहीही वाटत नव्हतं.

"सांडलं की गं सगळं," अण्णा म्हणाले. "तू पूस. तोवर मी आणखी एक फेरी मारून येतो."

"या," मी म्हणाले. "मोठ्यानं मोजा पण."

ते वळले, खांद्यावरची पिशवी सावरली. मी गॅस बंद केला, नळ बंद केला आणि एकेक आकडा ऐकत दारात उभी राहिले.